नजर सुईवर, चित्र चष्म्यात

‘शीर मिळत नाहीये.’ आजारी मूल मांडीवर घेऊन बसलेल्या आईवडिलांच्या पोटात गोळा आणायला हे तीन शब्द पुरेसे असतात. जुलाब-उलट्यांनी मलूल झालेले किंवा तापाने फणफणलेले मूल घेऊन परंदवडी, बेबडओहोळ, सोमाटणे या पवन मावळातल्या गावांतून लोक तळेगाव दाभाड्याला किंवा पिंपरी-चिंचवडला धावतात. रुग्णालय गाठले म्हणजे सुटलो, असे वाटते. तिथे सलाईनसाठी एका हातावर टोचले जाते, मग दुसऱ्या हातावर, मग पायावर. मूल रडून रडून थकते आणि बाहेर उभ्या बापाला आत काय चालले आहे ते कळत नाही.

यात प्रत्येक वेळी कुणाची हलगर्जी असते असे नाही. मोठ्या माणसाच्या हातावर ठळक दिसणारी शीर बाळाच्या गुटगुटीत हातावर चरबीच्या थराखाली दडलेली असते. शरीरातले पाणी कमी झाले की ती आणखी आक्रसते. रोहिणीचे काम तर त्याहून अवघड. मोठ्या शस्त्रक्रियेत रक्तदाब क्षणाक्षणाला कळावा आणि तपासणीसाठी रक्त वारंवार घेता यावे, म्हणून मनगटाजवळच्या रोहिणीत बारीक नळी घालावी लागते. तान्ह्या बाळात या रोहिणीचा व्यास साधारण एक-दोन मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा असतो. बाळाच्या अंगात रक्तही किती? वजनाच्या दर किलोमागे सुमारे ८० मिलिलिटर. तीन किलोच्या बाळात जेमतेम पाव लिटर. त्यामुळे चुकलेली प्रत्येक सुई महाग पडते. तिथे रक्त साकळते, रोहिणी आकुंचन पावते आणि पुढचा प्रयत्न आणखी कठीण होतो.

ही सुई पहिल्याच प्रयत्नात जागेवर जावी, यासाठी डॉक्टरांच्या डोळ्यांवर एक वेगळा चष्मा चढवण्याचे प्रयोग गेली काही वर्षे सुरू आहेत. त्यातून हाती काय लागले आणि मावळातल्या एखाद्या बाळाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, हे समजून घेण्यासारखे आहे.

मान वळली की सुई हलते

सोनोग्राफी म्हटले की आपल्याला गरोदरपण किंवा मूतखडा आठवतो. पण भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभागातले डॉक्टर हेच यंत्र सुईला वाट दाखवण्यासाठी वापरतात. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. वरवरच्या रक्तवाहिन्या पाहण्यासाठी वापरला जाणारा प्रोब सेकंदाला सुमारे एक कोटी कंपनांचा ध्वनी त्वचेतून आत सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून पडद्यावर चित्र उमटवतो. रक्तवाहिनी काळ्या वर्तुळासारखी दिसते. प्रोबने हलकेच दाबले की शीर चपटी होते, तर रोहिणी ठोके देत राहते. दोन्हींतला फरक असा ओळखतात.

या पद्धतीचा उपयोग आता वादाचा राहिलेला नाही. मोठ्या शिरांमध्ये नळी घालताना सोनोग्राफीची मदत घ्यावी, अशी शिफारस ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी २००२ मध्येच केली होती. नुसत्या बोटाने नाडी चाचपून सुई घालण्यापेक्षा सोनोग्राफीच्या मदतीने मुलांच्या रोहिणीत पहिल्या प्रयत्नात यश येण्याची शक्यता जास्त असते, असे निरनिराळ्या चाचण्यांचा एकत्रित आढावाही सांगतो.

मग अडते कुठे? अडते डॉक्टरच्या मानेत. बाळाचा हात समोर टेबलावर, यंत्राचा पडदा बहुधा बाजूला. एका हातात प्रोब, दुसऱ्या हातात सुई. हाताकडे पाहावे तर पडदा दिसत नाही आणि पडद्याकडे पाहावे तर हात दिसत नाहीत. मान वळली की प्रोब नकळत एखादा मिलिमीटर सरकतो. ज्या रोहिणीची रुंदीच एक-दोन मिलिमीटर आहे, ती तेवढ्याने चित्रातून नाहीशी होते.

नवशिक्याची पंचाईत आणखी मोठी. प्रोब शरीराचा अतिशय पातळ काप दाखवतो. रोहिणीला आडवा प्रोब धरला की सुई पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसते. पण हा ठिपका सुईच्या टोकाचा, की मधल्या दांडीचा? दिसायला दोन्ही सारखेच. दांडीला टोक समजून सुई आणखी पुढे ढकलली, तर खरे टोक रोहिणीच्या मागच्या भिंतीतून पार झालेले असते. त्यामुळे प्रोब किंचित पुढे, मग सुई किंचित पुढे, ठिपका पुन्हा शोधायचा, असे सावकाश जावे लागते. सरावलेल्या डॉक्टरच्या हाताला हा ताल आपोआप जमतो. शिकणाऱ्याला मात्र प्रत्येक पावलाला मान वळवावी लागते आणि दर खेपेला धागा तुटतो.

सोलमधले ११६ बाळांचे निरीक्षण

स्मार्ट चष्मा ही मान वळवण्याची गरजच काढून टाकतो. त्याच्या काचेत किंवा काचेजवळ छोटा पडदा असतो. सोनोग्राफी यंत्रातले चित्र वायरने किंवा बिनतारी मार्गाने तिथे येते. डॉक्टर बाळाच्या मनगटाकडेच पाहतो आणि त्याच नजरेच्या टप्प्यात त्याला रोहिणीचे काळे वर्तुळही दिसत राहते. सुई कुठे टोचायची हे चष्मा सांगत नाही. दोन ठिकाणी विभागलेली नजर तो एका ठिकाणी आणतो, एवढेच.

एवढ्याने फरक पडतो का, हे दक्षिण कोरियाची राजधानी सोल इथल्या भूलतज्ज्ञांनी पद्धतशीरपणे तपासले. त्यांची चाचणी २०२१ मध्ये ‘अ‍ॅनेस्थेसिऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दोन वर्षांखालील ११६ मुले तिच्यात होती. सगळ्यांना शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल दिलेली होती आणि सगळ्यांच्याच मनगटाच्या रोहिणीत नळी घालणे आवश्यक होते. कुठल्या मुलासाठी चष्मा वापरायचा आणि कुठल्यासाठी नेहमीचा पडदा, हे चिठ्ठी टाकल्यासारख्या पद्धतीने ठरवले गेले. दोन्ही गटांत ५८-५८ मुले आली.

नेहमीच्या पडद्याकडे पाहून केलेल्या कामात ५८ पैकी ४२ मुलांमध्ये पहिल्याच प्रयत्नात यश आले. चष्म्याच्या गटात हा आकडा ५१ होता. टक्केवारीत सांगायचे तर ७२.४ विरुद्ध ८७.९. दर सहा-सात बाळांमागे एकाला दुसऱ्यांदा टोचणे टळले, असा त्याचा ढोबळ अर्थ. पहिल्या प्रयत्नाला लागणारा मध्यम वेळ ४३ सेकंदांवरून ३३ सेकंदांवर आला. गुंतागुंतींमधला फरक अधिक ठळक होता. पडद्याच्या गटात १७ मुलांमध्ये काही ना काही गुंतागुंत झाली, तर चष्म्याच्या गटात फक्त तिघांमध्ये. काम करताना शरीराची ठेवण सोयीची वाटली का, असेही डॉक्टरांना विचारले होते. चष्म्याच्या गटात ५८ पैकी ३८ वेळा उत्तर ‘चांगली’ किंवा ‘उत्तम’ असे आले, पडद्याच्या गटात १२ वेळा.

आकडे बोलके आहेत, पण ते जपून वाचायला हवेत. ही एकाच रुग्णालयातली चाचणी आहे. आपण चष्मा घातला आहे हे घालणाऱ्याला माहीत असणारच, त्यामुळे त्याच्या उत्साहाचा परिणाम पूर्णपणे वगळता येत नाही. यशाच्या शक्यतेतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला असला, तरी खरा फायदा बराच मोठा किंवा अगदी थोडाही असू शकतो, एवढी सैल जागा ११६ मुलांच्या अभ्यासात राहते. शिवाय ही सगळी मुले भुलीखाली शांत झोपलेली होती. वॉर्डात हातपाय झाडणारे, जुलाबांनी सुकलेले मूल ही वेगळी परीक्षा आहे.

शिकायचे कुणावर?

या चष्म्याचा सगळ्यात जास्त उपयोग शिकाऊ डॉक्टरांना होईल, असे वाटणे साहजिक आहे. ज्याची नजर सर्वांत जास्त भरकटते, त्यालाच ती एका जागी ठेवणारे साधन अधिक मदत करणार. यामागे वैद्यकशास्त्राइतकाच जुना पेच आहे. कुशल हात तयार व्हायचे तर कुणीतरी पहिल्यांदा सुई घालावीच लागते. ती कुणाच्या बाळावर?

हा प्रश्न मावळातही लागू होतो. तळेगाव दाभाड्याला १९९५ पासून मायमर वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले भाऊसाहेब सरदेसाई रुग्णालय आहे. परंदवडीसारख्या गावांना शिक्षण देणारे रुग्णालय इतके जवळ असणे ही मोठी सोय. अशा कुठल्याही रुग्णालयात रात्री-अपरात्री हजर असतात ते बहुधा शिकणारे निवासी डॉक्टर. तिथे उपचार आणि शिक्षण एकाच खाटेपाशी चालतात. निवासी डॉक्टर चांगले तयार झाले, तर त्याचा फायदा पुढची तीस-पस्तीस वर्षे अनेक गावांना मिळतो.

म्हणून पहिल्या चुका निर्जीव वस्तूंवर व्हाव्यात, ही भूमिका आता सर्वमान्य आहे. देशातल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात २०१९ पासून कौशल्यांवर आधारित शिक्षण आले आणि महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळा आवश्यक ठरली. सोनोग्राफीच्या मदतीने सुई घालण्याचा सराव करायला भारी पुतळाच हवा असेही नाही. जिलेटिनच्या वडीत पाण्याने भरलेली बारीक रबरी नळी बसवली की पडद्यावर ती हुबेहूब रक्तवाहिनीसारखी दिसते. कोंबडीच्या मांसाचा तुकडाही या कामी वापरतात. नळी चुकली तर वडी रडत नाही. पांढरा ठिपका टोकाचा की दांडीचा, हे डोळ्याला उमगेपर्यंत शंभर वेळा टोचता येते.

चष्मा या सरावाची जागा घेऊ शकत नाही. उलट एक नवी काळजी निर्माण होते. चष्म्यावर शिकलेला डॉक्टर उद्या एखाद्या छोट्या गावात गेला आणि तिथे चष्मा नसला, तर? त्याला साध्या पडद्याकडे पाहूनही सुई घालता आली पाहिजे आणि यंत्रच नसेल तर बोटाने नाडी चाचपूनही. चष्म्याच्या मदतीने आलेले कौशल्य चष्मा उतरल्यावर टिकते का, हीच शिक्षणाच्या दृष्टीने खरी कसोटी आहे. पहिल्या प्रयत्नातल्या यशाच्या टक्केवारीवरून तिचे उत्तर मिळत नाही.

यंत्रे येतात, यंत्रे जातात

दुसरा प्रश्न टिकाऊपणाचा. ‘गुगल ग्लास’ २०१३ मध्ये १,५०० डॉलर किमतीला निवडक लोकांच्या हाती आला, तेव्हा शस्त्रक्रियागृहांत मोठे कुतूहल होते. २०१५ मध्ये ग्राहकांसाठीची विक्री थांबली. २०१७ मध्ये तो उद्योगांसाठी नव्या रूपात आला आणि २०२३ मध्ये तेही बंद झाले. मायक्रोसॉफ्टच्या ‘होलोलेन्स’ या भारी उपकरणाचे उत्पादनही २०२४ मध्ये थांबले. सोनोग्राफी यंत्र दहा-दहा वर्षे चालते. चष्म्याच्या कंपनीने मध्येच हात आखडता घेतला, तर दुरुस्ती आणि सुटे भाग कुठून आणायचे, हे खरेदी करणाऱ्या रुग्णालयाने आधीच विचारायला हवे.

बारीकसारीक अडचणीही आहेत. बिनतारी जोडणीत चित्र क्षणभर मागे पडले, तर हात पुढे गेलेला असतो आणि डोळ्यांना आधीची जागा दिसत असते. डॉक्टरला आधीच नंबरचा चष्मा असेल तर त्यावर दुसरा कसा बसवायचा? कपाळावरचे वजन, बॅटरी, प्रत्येक रुग्णानंतरची स्वच्छता या गोष्टी प्रयोगात किरकोळ वाटतात. रोजच्या धबडग्यात त्यांच्यामुळेच यंत्र कपाटात जाऊन पडते.

सोनोग्राफी आणि महाराष्ट्राचा कायदा

आपल्याकडे मात्र चष्म्याच्या आधी सोनोग्राफी यंत्राचाच प्रश्न येतो. या यंत्राचा मुलींच्या जिवावर उठण्यासाठी वापर झाला, म्हणून गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे १९८८ मध्ये देशातले पहिले राज्य ठरले. त्यानंतर १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला, जो आज पीसीपीएनडीटी या नावाने ओळखला जातो. त्याची गरज संपलेली नाही. राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती. २०११ च्या जनगणनेत ती ८९४ पर्यंत घसरली.

या कायद्याखाली प्रत्येक यंत्राची नोंदणी लागते. सुईला वाट दाखवण्यासाठी भूलतज्ज्ञाने वापरलेले यंत्रही त्याला अपवाद नाही. २०१२ च्या नियमांनुसार सहज उचलून नेता येणारे यंत्र नोंदलेल्या संस्थेच्या आवारातच, तिथे दाखल रुग्णांसाठी वापरता येते. वैद्यकीय पथकाच्या फिरत्या वाहनाची तरतूद वेगळी आहे. छोट्या शहरांत अनेक भूलतज्ज्ञ एका दिवसात तीन-चार रुग्णालयांत जाऊन भूल देतात. त्यांना आपले यंत्र पिशवीत घालून सोबत नेता येत नाही. प्रत्येक ठिकाणी नोंदणीकृत यंत्र असेल तरच ते वापरता येते.

म्हणजे एका लेकीचा जन्म वाचवण्यासाठी केलेला नियम दुसऱ्या लेकीच्या हातात सुई नेमकी घालण्याच्या आड येऊ शकतो. हा पेच कायदा सैल करून सुटणारा नाही, कारण पळवाटेचा गैरवापर करणारे टपलेलेच असतात. त्यावरचा व्यवहार्य मार्ग म्हणजे बालरुग्ण आणि शस्त्रक्रिया असलेल्या प्रत्येक रुग्णालयात रक्तवाहिन्यांसाठीचे नोंदणीकृत यंत्र असणे आणि ते रेडिओलॉजी विभागात कुलूपबंद न राहता योग्य नोंदींसह अतिदक्षता विभागापर्यंत पोहोचणे.

स्मार्ट चष्म्याने यात आणखी एक पदर जोडला आहे. चित्र पाठवणारा चष्मा ते साठवूही शकतो, आणि कॅमेरा असेल तर बाळाचा चेहराही त्यात येतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा मुलांच्या डिजिटल माहितीसाठी पालकांच्या खातरजमा झालेल्या संमतीवर भर देतो. चित्र यंत्राबाहेर कुठेही जाणार नाही, अशी व्यवस्था सुरुवातीपासूनच असायला हवी.

चष्म्यावाचूनही

सोलच्या चाचणीतून एक धडा मात्र आजच, फुकट घेता येतो. फरक पडला तो मान वळणे थांबल्यामुळे, असे मानले तर मान न वळवण्याचे साधे उपायही आहेत. यंत्र डॉक्टरच्या बाजूला किंवा मागे ठेवण्याऐवजी बाळाच्या हाताच्या पलीकडे, थेट डोळ्यांसमोर ठेवायचे. डॉक्टरची नजर, सुई आणि पडदा एका रेषेत आले पाहिजेत. खाटेची उंची वाढवायची, म्हणजे वाकावे लागत नाही. बाळाचा हात मऊ गुंडाळीवर नीट टेकवून स्थिर करायचा. सुई हातात घेण्याआधी ही मांडणी करायला मिनिटही लागत नाही. शिकाऊ डॉक्टरला पहिल्या दिवशी शिकवण्यासारखी गोष्ट हीच.

पालकांनाही काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. तातडी नसेल तर त्वचा बधिर करणारे मलम तासभर आधी लावता येते का, हे विचारावे. तान्ह्या बाळाला सुई टोचताना अंगावर पाजले तर वेदना कमी होतात, हे अभ्यासांतून दिसले आहे; ते त्या वेळी चालेल का, याचा सल्ला डॉक्टरांकडून घ्यावा. दोन प्रयत्न फसल्यावर अधिक अनुभवी डॉक्टरला बोलवाल का, असे शांतपणे विचारणे हा उद्धटपणा नाही. शिकणाऱ्या डॉक्टरलाही अनेकदा त्यामुळे हायसेच वाटते. मूल अत्यवस्थ असेल आणि शीर मिळत नसेल, तर डॉक्टर पायाच्या नडगीच्या हाडात खास सुई घालून औषध देतात. ते पाहून घाबरू नये. त्या घडीला शीर शोधत बसण्यापेक्षा तेच सुरक्षित असते.

स्मार्ट चष्मा उद्या स्वस्त होईल, हलका होईल, कदाचित सोनोग्राफी यंत्राबरोबरच मिळू लागेल. तोवर त्याची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही. नोंदणीकृत यंत्र खाटेपाशी असणे, पडदा समोर असणे, जिलेटिनच्या वडीवर पुरेसा सराव झालेला असणे आणि हाक मारल्यावर येणारा वरिष्ठ डॉक्टर जवळ असणे, या चार गोष्टी असतील तर चष्मा त्यांच्या कामात भर घालील. त्या नसतील, तर महागड्या चष्म्यातूनही पांढरा ठिपका तसाच फसवा दिसेल आणि बाळाच्या दुसऱ्या हातावर पुन्हा सुई टोचावी लागेल.